फ्लूची रॅपिड टेस्ट : दवाखान्यातील अचूकता

फ्लूची रॅपिड टेस्ट : नाकातून किंवा नाकामागच्या घशातून घेतलेल्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा ‘ए’ किंवा ‘बी’ विषाणूचे प्रथिन आहे का, हे पट्टीवरील रेषेने दाखवणारी चाचणी. निकाल 10 ते 15 मिनिटांत कळतो. बेळगाव सीमाभागात ‘स्वाइन फ्लू आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना आजही विचारला जातो, पण त्याचे उत्तर ही पट्टी देत नाही. ‘ए’मधला एच1एन1 (स्वाइन फ्लूचा) कोणता आणि एच3एन2 (दुसरा नेहमीचा प्रकार) कोणता, हे तिला ओळखता येत नाही.

प्रयोगशाळेतील आरटी-पीसीआर चाचणीशी ताडून पाहता, या चाचणीला फ्लूच्या 100 रुग्णांपैकी साधारण 50 ते 70 सापडतात, उरलेले निसटतात. पीसीआरमध्ये विषाणूचा जनुकीय अंश अनेक पटींनी वाढवला जातो, पट्टीला मात्र स्वॅबवर आलेल्या प्रथिनावरच भागवावे लागते. लहान मुलांच्या नाकात विषाणू जास्त असल्याने त्यांच्यात ती अधिक भरवशाची ठरते, मोठ्यांमध्ये कमी. ताप येऊन चार दिवस उलटल्यावर किंवा नाकपुडीच्या तोंडाशीच काडी फिरवून स्वॅब घेतला, तर चांगले किटही चुकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2017 मध्ये या किटांसाठी निकष कडक केले, ते याच उणिवेमुळे.

फ्लू नसलेल्याला ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याची चूक मात्र क्वचित, शंभरात दोन-चार जणांच्या बाबतीत होते. तरीही ऋतू पाहावाच लागतो. समजा, ऐन पावसाळ्यात खानापूरच्या एखाद्या दवाखान्यात तापाच्या 100 रुग्णांपैकी 30 जणांना फ्लू आहे. चाचणी त्यांतले सुमारे 18 पकडेल, 12 सोडेल आणि बाकीच्या 70 पैकी एखाद-दुसऱ्याला उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. म्हणजे तेव्हाचा पॉझिटिव्ह निकाल बहुधा खरा. निगेटिव्हवर विसंबणे धोक्याचे. एप्रिलमध्ये हजारात 20 जणांनाच फ्लू असेल, तर 12 खऱ्या पॉझिटिव्हांबरोबर सुमारे 20 खोटे येतील. किट तेच, पण निकालाचे वजन पार बदलते.

ओसेल्टामिवीर हे फ्लूवरचे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून गरोदर बाई, दमेकरी, मधुमेही किंवा वृद्ध रुग्णाचे औषध निगेटिव्ह पट्टी पाहून थांबवणे चूक आहे. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात जुना खोकला असलेल्यांकडे तर अधिकच लक्ष हवे. भारत सरकारच्या एच1एन1विषयक मार्गदर्शनात सौम्य रुग्णांना (अ व ब गट) चाचणीची गरज सांगितलेली नाही. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीतून रक्त किंवा नखे निळी पडणे ही ‘क’ म्हणजे गंभीर गटाची लक्षणे. अशा रुग्णाला लगेच रुग्णालयात दाखल करून आरटी-पीसीआर करावी लागते आणि निकालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते. बेळगाव, मिरज की कोल्हापूर, हा विचार घरच्यांनी अंतर पाहून करावा, पट्टीवरची रेषा पाहून नव्हे.