घड्याळातल्या कॅलरी आणि कट्ट्यावरचा वडापाव

शिवाजी पार्कला तासभर चालून झालं की कट्ट्यावर ठरलेला हिशोब: घड्याळ २४५ कॅलरी दाखवतंय, म्हणजे वडापाव फुकटात! गैरसमज जुनाच. ७० किलोच्या माणसाला ताशी ५ किमी वेगाने चालताना साधारण तेवढ्या लागतात खऱ्या. पण त्यातल्या ७० तो घरी सोफ्यावर बसूनही जाळणारच होता. चालण्याची निव्वळ कमाई १७५च्या आसपास. वडापाव सहज अडीचशे-तीनशेचा (वरची तळलेली मिरची सोडून).

खरी गोची पुढेच. कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल, तर रोजच्या कॅलरींच्या कोट्यात व्यायाम आधीच धरलेला असतो. तो पुन्हा जोडला की एकच पगार दोनदा जमा! 'बैठं काम' निवडलं असेल तरच चालणं वेगळं धरा. मी तर त्यातलंही निम्मंच धरतो.