रशियन भाषेतील चिंता-नैराश्य प्रश्नावल्या

चिंता व नैराश्य यांची लक्षणे असलेल्या व्यक्ती हेरण्यासाठी इंग्रजीत तयार झालेल्या प्रश्नावल्यांची रशियन भाषकांसाठी घडवलेली रूपे. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. पुढे डॉक्टरांनी कोणाशी सविस्तर बोलावे एवढेच चाळून देतात.

सोव्हिएत संघात हे काम उशिरा सुरू झाले. ४ जुलै १९३६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने पेडॉलॉजी या बालअभ्यासशाखेविरुद्ध ठराव केला आणि तिच्याबरोबर मानसशास्त्रीय चाचण्याही मोडीत निघाल्या. त्या सावरायला १९६० नंतरचा काळ उजाडला. १९७६ मध्ये लेनिनग्राडचे क्रीडामानसशास्त्रज्ञ यूरी खानिन यांनी चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या चिंतामापन प्रश्नावलीचे रशियन रूप सिद्ध केले. तिच्या ४० विधानांपैकी २० ‘आत्ता, या क्षणी’ काय वाटते ते विचारतात, २० एरवीच्या स्वभावाबद्दल. रशियनमध्ये क्षणिक चिंतेला ‘त्रिवोगा’ आणि चिंताळू वृत्तीला ‘त्रिवोझ्नस्त’ असे दोन शब्द तयार होते. तरी खानिन यांनी दोन्हींना ‘त्रिवोझ्नस्त’च म्हटले व वेगळेपण विशेषणांवर सोपवले. रशियात ही प्रश्नावली आजही दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते.

रूपांतराचा खरा कस शरीराच्या भाषेत लागतो. झिगमंड आणि स्नेथ यांच्या १९८३ च्या रुग्णालयीन प्रश्नावलीत चिंतेची सात व नैराश्याची सात विधाने आहेत. त्यांतले एक पोटात फुलपाखरे फडफडल्यासारख्या भीतीचे आहे. रशियनमध्ये पोटातली फुलपाखरे आठवतात ती प्रेमात पडल्यावर. म्हणून प्रचलित रशियन रूपात तिथे ‘आतून ताण किंवा थरथर जाणवते’ अशा अर्थाचे वाक्य आहे. मराठीत आपण सरळ ‘पोटात गोळा येतो’ म्हणालो असतो.

दुसरी अडचण व्याकरणाची, आणि ती मराठी वाचकाला लगेच कळेल. रशियन भूतकाळात क्रियापद लिंग दाखवते: पुरुष ‘उस्ताल’ म्हणतो, स्त्री ‘उस्ताला’, आपल्या ‘थकलो’-‘थकले’सारखेच. मग छापील अर्जात कंसातली शेपटी जोडावी लागते. त्यातून सुटकाही आपल्यासारखीच आहे. ‘म्ने ग्रूस्तना’ म्हणजे ‘मला उदास वाटते’: इथे भावना ‘मला’ येते, लिंग मधे येत नाही.

उत्तरांचा खरेपणा हा मात्र भाषेपलीकडचा प्रश्न. सोव्हिएत काळात मनोविकारांच्या दवाखान्यात नाव नोंदले गेले, की नोकरी व वाहन परवान्यात अडथळे येत. १९९२ च्या कायद्याने ती जुनी पद्धत बदलली, पण धास्ती तेवढ्याने जात नाही, आणि धास्तावलेला माणूस निनावी नसलेल्या कागदावर ‘कधीच नाही’वर खूण करून मोकळा होतो.

त्यामुळे गुणांची सीमारेषा परक्या देशातून उचलता येत नाही. रुग्णालयीन प्रश्नावलीत प्रत्येक विभागाचे कमाल २१ गुण असतात आणि ८ पासून शंका घेतात. हा आकडा रशियनमध्ये टिकतो का, हे डॉक्टरांनी त्याच रुग्णांच्या घेतलेल्या मुलाखतींशी ताडून पाहावे लागते. शिवाय रशियन भाषक म्हणजे केवळ रशिया नव्हे. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास लाखो लोक इस्रायल, जर्मनी, अमेरिकेत गेले, कझाकस्तानसारख्या देशांत कित्येक तिथेच राहिले. मॉस्कोत जुळवलेली सीमारेषा त्यांच्यासाठी पुन्हा तपासावी लागते.