आधी ऊब, मग दूध: मांजरीच्या पिल्लांचे पहिले आठवडे

रस्त्यावरून घरी आणलेली मांजर पुष्कळदा गाभण असते. तिचे दिवस साधारण ६३ ते ६५. ती व्यायली की हाती येतं ते ९० ते ११० ग्रॅमचं पिल्लू: डोळे मिटलेले, कान बंद, आणि स्वतःचं अंग तापवण्याची क्षमता जवळजवळ नाहीच. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीनं कुडकुडताही येत नाही, कारण ती प्रतिक्षिप्त क्रिया अजून सुरू झालेली नसते. मोठ्या मांजरीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. या पिल्लाचं ३५ ते ३७ अंश. ते टिकतं आईच्या पोटाला आणि भावंडांना चिकटून.

घरात दगावणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी पिल्लं इथेच दगावतात. गारठलेलं पिल्लू दिसलं की माणूस आधी दूध पाजायला धावतो. तेच घातक ठरतं. शरीर ३५ अंशांच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पोटात तसंच पडून राहतं, आणि गिळण्याची क्रिया क्षीण झाल्यामुळे ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून आधी ऊब द्यायची, तीही सावकाश, तासा-दोन तासांत. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे पिल्लाला नको झालं तर सरकता येईल. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश असावी. पावसाळ्यात ओलसर गोणपाट अंथरू नका. ओल ऊब ओढून घेते.

आई जवळ असेल तर दुधाची काळजी तीच घेते. पहिल्या दिवसातला चीक पोटात जाणं फार महत्त्वाचं, कारण त्यातली प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट साधारण १६ ते २४ तासांत बंद होते. आई नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच वापरा. गाईच्या दुधात त्यांच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी प्रथिनं असतात, आणि त्यातल्या लॅक्टोजनं जुलाब होतात. पाजताना पिल्लू पोटावरच हवं; माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पोटाखाली हलकेच पुसा. आई चाटते ते याच कामासाठी: सुमारे तीन आठवड्यांपर्यंत या स्पर्शाशिवाय पिल्लाला शी-शू होत नाही.

सगळं ठीक चाललंय का, हे चेहऱ्यावरून कळत नाही, वजनावरून कळतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरेसा आहे. रोज त्याच वेळी वजन करून लिहून ठेवा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी, आणि दोन आठवड्यांत जन्मवजन दुप्पट. पहिल्या दिवसानंतर वजन घटलं, तर पिल्लू आजारी दिसायच्या आधीच तुम्हाला इशारा मिळालेला असतो. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. तोवर मिटलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला, तर थांबू नका, आणि पापणी ओढून उघडूही नका. कोमट, उकळून घेतलेल्या पाण्यानं पुसून दवाखान्यात न्या, नाहीतर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. पुढेही डोळा चिकटलेला राहू देऊ नये, याचं कारण मेंदूत आहे. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवलं, की वाढत्या पिल्लाचा एक डोळा झाकलेला राहिला, तर डोळा निरोगी असूनही मेंदू त्याच्यातून पाहायला शिकत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तर थोडे दिवसही पुरतात. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं.

माणसाशी नातं जुळण्याचाही असाच ठरावीक काळ असतो. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांच्या प्रयोगांतून तो साधारण दुसरा ते सातवा आठवडा असा निघाला. या दिवसांत रोज अर्धा-पाऊण तास, निरनिराळ्या माणसांनी, मऊपणे हाताळलेली पिल्लं माणसाळतात. आई भेदरट असेल तर हे जास्तच गरजेचं. मात्र ती गुरगुरत असताना पिल्लू उचलू नका, ती वेताची जागा बदलते.

जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, कारण गोल जंत दुधातूनच येतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारूनच. पिसवा असतील तर बारीक फणीनं काढा. कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. चौथ्या आठवड्यात दुधाचे दात आलेले असतात, तेव्हा ओलं खाणं आणि शी-शूसाठी उथळ ताटलीत वाळू सुरू करा. ओली झाली की गोळे बांधणारी वाळू नको, पिल्लं ती खातात. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. आईकडून आलेली प्रतिपिंडं नेमकी कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, आणि ती असेपर्यंत लस निष्फळ ठरू शकते. म्हणून एकच डोस पुरत नाही.

आईला या काळात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. तिला बाहेर सोडू नका: पिल्लं पीत असतानाही ती माजावर येऊन पुन्हा गाभण राहू शकते. दूध आटलं की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, आणि मादी पिल्लांचं चौथ्या महिन्यात, कारण त्या वयात त्याही माजावर येऊ लागतात.