विहीर एक, तपासणारे चार

केळीच्या एका झाडाला साधारण २०० ग्रॅम नत्राची शिफारस आहे. युरियातून द्यायचं तर सव्वाचारशे ग्रॅमच्या वर. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, म्हणजे जवळपास दोन टन युरिया. झाड लागेल तेवढं घेतं. उरलेल्याचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण प्रभार आणि नायट्रेटवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी मुरतं तसं तेही खाली उतरतं.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या मळ्यांतल्या विहिरींचा हा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. टीसीएल पावडरने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. पाणी उकळलं तर ते आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे, तीत सूट नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना सर्वांत जास्त धोका, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद नायट्रेटमुळे घटते.

आता बघा, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणीने पाण्यातलं क्लोरीन बघतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींची पातळी आणि पाण्याचे नमुने बघते. खताचा हिशेब कृषी खात्याकडे, बाळांची नोंद आरोग्य केंद्रात. चौघंही आपापलं काम करतात, पण एकाच विहिरीचे हे चार कागद शेजारी ठेवून वाचणारं कुणी नाही. जिल्ह्याला तांत्रिक सल्लागार समिती हवी ती यासाठी.

कारण नायट्रेट खतातूनच येतं असं नाही. उकिरडा आणि शौचालयाचा शोषखड्डाही ते देतात. नायट्रेटसोबत क्लोराइडही चढलेलं असेल, तर संशय सांडपाण्याकडे जातो. खत असेल तर ठिबकमधून थोडं थोडं, विभागून द्यायचं. शोषखड्डा असेल तर तो विहिरीपासून हलवायचा. हे ठरवायला रसायन, शेती आणि जमीन जाणणारी माणसं एका टेबलावर लागतात. जमिनीचा प्रश्न तर मोठाच: सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत पाणी झपाट्याने मुरतं, चाळीसगावकडच्या काळ्या पाषाणात ते भेगांतून वाट काढतं. एकाच नियमाने दोन्हीकडे भागणार नाही. विद्यापीठ जळगावातच आहे, तिथले भूगर्भ आणि रसायनाचे लोकही बोलवावेत.

पहिल्या बैठकीत फक्त दहा विहिरी निवडाव्यात. प्रत्येकीला एकच नंबर, तोच चारही खात्यांच्या वहीत. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, एकाच दिवशी, एकाच पोहऱ्यातून चौघांच्या बाटल्या भराव्यात.