माध्यमिक शाळेतलं धर्म आणि नीतीचं शिक्षण (ग्रामीण विदर्भ)

आठवी ते दहावीच्या पोरांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणं आणि काय बरोबर, काय चूक यावर त्यांना स्वतः विचार करायला लावणं, असं हे शिक्षण. इंग्लंडमध्ये 'रिलिजस स्टडीज' घेऊन सोळाव्या वर्षी बोर्डाची परीक्षा देता येते आणि त्या पेपरात धर्मांच्या शिकवणीसोबत गर्भपात, युद्ध, फाशी असे प्रश्नही येतात. आपल्याकडे दहावीला असा पेपर नाही, त्यामुळे विदर्भातल्या खेड्यापाड्यात जे काही होतं ते परिपाठात, मराठीच्या धड्यात, राज्यशास्त्राच्या तासाला, आणि खरं सांगायचं तर पोरांनी मधेच काढलेल्या विषयातून होतं.

पेपर का नाही म्हटलं की लोक लगेच संविधानाकडे बोट दाखवतात, पण ते अर्धंच खरं आहे. कलम 28 प्रमाणे पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत कुणाला जबरदस्तीनं बसवता येत नाही, मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. पण एखादा धर्म पाळायला शिकवणं वेगळं आणि धर्मांबद्दल शिकवणं वेगळं, हा फरक देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगानं (1964-66) केला होता आणि 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमावरच्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांचा अभ्यास कलम 28 च्या विरोधात जात नाही असंच म्हटलं. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही, इच्छा पाहिजे.

या वादाचं एक मूळ वर्ध्यातच आहे. 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायची गांधीजींची योजना, तिथून पुढं आली, आणि गांधीजींनी त्या योजनेतून धर्मशिक्षण मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण धर्म ज्या पद्धतीनं शिकवले जातात त्यातून एकीपेक्षा भांडणंच जास्त होतात अशी त्यांना भीती होती. आणि वर्ध्याजवळच्या त्यांच्याच सेवाग्राम आश्रमात रोज सर्वधर्म प्रार्थना व्हायची! म्हणजे त्यांना धर्म नको नव्हता, धर्माच्या नावावरचा तंटा वर्गात नको होता, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

विदर्भातला वर्ग पाहिला तर हा विषय इथं किती जिवंत आहे ते कळतं. एका बाकावर वारीला जाणाऱ्या घरचा पोरगा, शेजारी बौद्ध घरातला, ज्याच्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घेतलेली असू शकते, मागच्या बाकावर मुस्लिम मुलगी, मेळघाटात कोरकू आदिवासी पोरं, गडचिरोलीत माडिया आदिवासी, ज्यांचे देव आणि सण पुस्तकात फारसे सापडतच नाहीत. यांना एकमेकांच्या घरी काय पाळतात ते माहीत असतं पण का पाळतात ते माहीत नसतं. शिक्षकानं एवढं जरी बोलतं केलं तरी खूप झालं.

शाळेत रोजचं म्हणाल तर परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, मग मौन. वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे दहा मूल्यं डीएड केलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. अडचण अशी की सुविचार फळ्यावर लिहून पुसला जातो, त्यावर कुणी पोरगा "पण सर, काऊन?" असं विचारत नाही, विचारलं तर पहिला तास सुरू व्हायची घाई असते.

आणि विचारण्यासारखं तर चिक्कार आहे. साप चावला तर आधी भगताकडे न्यायचं की दवाखान्यात? हा प्रश्न वर्गात निघाला की पोरं घरचे दाखले देतात, कुणाचा काका वाचला, कुणाची मावशी गेली, आणि मग विज्ञानाच्या सरांनी बिनविषारी साप आणि विष न सोडता झालेला चावा समजावला की भगताकडचे लोक कसे वाचतात ते उलगडतं. इथं कुणाच्या श्रद्धेची टिंगल केली की पोरं गप्प होतात, म्हणून शिक्षकाची कसोटी इथंच. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे, सापाचं विष उतरवतो म्हणून दवाखान्यापासून रोखणं त्यात गुन्हा आहे, हेही त्याच तासाला सांगता येतं. तसंच मासिक पाळीत गडचिरोलीच्या काही गावांत बाईनं कुर्माघरात, म्हणजे घरापासून वेगळ्या झोपडीत, राहायचं ही रीत, यावर नववीच्या मुलींना बोलू दिलं तर स्त्री-पुरुष समानतेवर वेगळं भाषण द्यायची गरज राहत नाही.

शिकवायला साहित्य बाहेरून आणायची गरज नाही. शेंडगावचे गाडगेबाबा (1876-1956) कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, वर्गात चर्चा घ्यायची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची ग्रामगीता गावोगावी घरात असते, तिच्यात गावसफाईपासून शिक्षणापर्यंत सगळं आहे, पण शाळेत ती पाठांतरापुरती राहते.

मार्क नाहीत म्हणून हा तास गणिताला जातो, कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो, आणि शिक्षकांना वादाची भीती वाटते, गावात कुणाच्या भावना दुखावल्या तर निस्तरायचं कुणी? ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय विषय टाळणं नसून पालकसभेत आधीच सांगणं, की कुठल्याच धर्माचा प्रचार होणार नाही, सगळ्यांबद्दल सारखंच शिकवू, आणि मग आठवड्याला एक तास तरी वेळापत्रकात पक्का ठेवणं, जो दुसऱ्या विषयाला देता येणार नाही.