कॉक्लिअर इम्प्लांट: ऑपरेशन झालं, पुढे काय?

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात ऑपरेशनने बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं नाव निघालं की पहिला प्रश्न खर्चाचा. खर्च लाखांत जातो, हे खरंच. पण उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांतल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना केंद्राच्या, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या 'एडिप' योजनेतून मदत मिळते; मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ते काम पाहते. मुलं मागे पडतात ती बहुधा ऑपरेशनच्या आधी आणि नंतर.

आतल्या कानातल्या शंखाकृती कॉक्लिआत सुमारे 3,500 केसपेशी मेंदूला आवाज कळवतात. पेटीच्या पट्ट्यांसारखी त्यांची मांडणी असते: एका टोकाला तार स्वर, दुसऱ्या टोकाला खर्ज. त्या निकामी झाल्या की श्रवणयंत्राने आवाज कितीही वाढवा, उपयोग बेताचाच. इम्प्लांट त्यांना वगळून थेट श्रवणचेतेला विजेचे सूक्ष्म ठोके देतं, तेही फक्त 12 ते 22 इलेक्ट्रोडांतून. बोलणं कळायला एवढं पुरतं, सुरांना पुरत नाही. गोव्यात चवथीच्या आरतीत घुमट या वाद्याचा ठेका अशा मुलाला छान सापडतो, चाल मात्र पटकन ओळखता येत नाही.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचा मेंदू भाषेसाठी फार काळ थांबत नाही. पहिली तीन-साडेतीन वर्षं सर्वांत मोलाची. म्हणून जन्मानंतर महिन्याच्या आत ओएई (कानात हलका आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) तपासणी आणि शंका आली तर तिसऱ्या महिन्यापर्यंत 'बेरा' (आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी चाचणी) करून निदान व्हायला हवं. ओएई बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले' या आजीच्या दिलाशात मात्र वर्ष सहज जातं.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि मग मॅपिंगच्या (यंत्राचे ठोके मुलाला जुळतील असे लावून घेण्याच्या), स्पीच थेरपीच्या फेऱ्या. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात यायचं तर आई-बापापैकी एकाची त्या दिवसाची मजुरी बुडते. निम्मी थेरपी घरातच करायची असते: भात वाढताना, न्हाऊ घालताना, घरच्याच भाषेत सतत बोलत राहून. मग ती कोंकणी असो वा मराठी.

गोव्याची दमट, खारी हवा प्रोसेसरला, म्हणजे इम्प्लांटच्या कानाबाहेर लावायच्या यंत्राला, मानवत नाही. रात्री तो सिलिका जेलच्या डबीत ठेवावा लागतो, पावसाळ्यात तर न चुकता. तरी कधीतरी वायर तुटते, माइक बिघडतो. वॉरंटी संपली की भुर्दंड घरच्यांवर; नवा प्रोसेसर पुन्हा लाखांत. तेव्हा ऑपरेशनसाठी सही करण्याआधीच विचारून घ्यावं: वॉरंटी किती वर्षांची, मॅपिंग गोव्यात होईल का, आणि दुरुस्तीच्या काळात बदली प्रोसेसर मिळेल का? तो नसेल, तर तेवढे दिवस मुलाला त्या कानाने जवळपास काहीच ऐकू येणार नाही.