इनोव्हाच्या इंजिनातील दोन बेल्ट

भारतात २००५ ते २०१६ या काळात विकली गेलेली, अडीच लिटर डिझेल इंजिनाची टोयोटा इनोव्हा आज महाराष्ट्रातल्या अनेक घरांत दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे धावते आहे. गाडी दणकट असल्यामुळे वेळेवर ऑइल बदलले की आपले काम झाले, असे अनेक मालक समजतात. परंतु या इंजिनाच्या पुढच्या बाजूला दोन प्रकारचे रबरी बेल्ट असतात आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. बाहेर दिसणारा फॅन बेल्ट खराब होऊ लागला की बहुधा तशी सूचना देतो. झाकणाआड असलेला टायमिंग बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीही न कळवता तुटतो. म्हणून पहिल्याची काळजी कानाने आणि डोळ्याने घेता येते, तर दुसऱ्याची घ्यायची ती किलोमीटर आणि वर्षे मोजूनच.

आधी फॅन बेल्ट. क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला असलेल्या पुलीवरून हा बेल्ट इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा वॉटर पंप व त्यावरचा पंखा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर यांना फिरवतो. त्याला दाते नसतात, त्यामुळे सारी शक्ती केवळ घर्षणातून पोहोचते. होडी बांधताना खुंटाला दोराचे दोन-तीन फेरे दिले, की एका हाताने धरलेला दोरही मोठा ताण पेलतो. कारण पकड ही दोर किती कोनातून गुंडाळला आहे यावर अवलंबून असते आणि कोन वाढला की ती झपाट्याने वाढते. बेल्ट पुलीला जास्तीत जास्त वेढा घालील अशा रीतीने आयडलर पुली (काहीही न चालवता फक्त बेल्टला वळण देणाऱ्या) बसवलेल्या असतात, त्यामागे हेच गणित आहे. शिवाय बेल्टच्या आतल्या बाजूच्या कडा पाचरीसारख्या तिरप्या असतात. पुलीच्या साधारण ४० अंशांच्या खाचेत अशी पाचर रुतली, की सपाट पट्ट्याच्या तुलनेत पकड जवळजवळ तिप्पट होते.

ताण कमी झाला, की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि ओरडतो. सकाळी सेल मारल्यावर किंवा एसी सुरू करताच लांबलचक किंचाळी येत असेल, तर बेल्ट सैल तरी आहे किंवा त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत तरी झाला आहे. याउलट ठरावीक लयीत चिवचिव ऐकू येत असेल, तर बहुधा एखादी पुली इतरांच्या रेषेत नसते. जाणकार मेकॅनिक चालत्या बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडे पाणी फवारून हे ओळखतात: आवाज क्षणभर थांबला तर पुलीच्या रेषेत दोष, वाढला तर ताण कमी. ही परीक्षा मेकॅनिकनेच करावी. चालू इंजिनाच्या पंख्याजवळ ओढणी, पदर किंवा सैल बाही जाता कामा नये. आवाज बंद करण्यासाठी बेल्टवर कसले तरी स्प्रे मारण्याची पद्धत मला घातक वाटते, कारण त्याने दोष तसाच राहतो आणि खूण तेवढी पुसली जाते.

पूर्वीचे निओप्रीन रबराचे बेल्ट जुने झाले, की त्यांना आडव्या चिरा पडत. आजचे बेल्ट बहुधा ईपीडीएम या रबराचे असतात. ते सहसा चिरत नाहीत, तर टायरसारखे झिजतात. चिरा दिसत नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो. बेल्टच्या खाचा किती खोल उरल्या आहेत हे साध्या गेजने (मापकाने) तपासता येते. ईपीडीएम खनिज तेलाने फुगते, तेव्हा वरून ऑइल किंवा डिझेल ठिबकत असेल, तर आधी गळती बंद करावी आणि मग बेल्ट बदलावा.

हा बेल्ट रस्त्यात तुटलाच, तर डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो. एरवी अल्टरनेटर बिघडल्यावर बॅटरीच्या जोरावर थोडे अंतर जाता येते. पण इथे वॉटर पंप आणि पंखा दोन्ही थांबलेले असतात. कसारा घाटाच्या चढावर अशा वेळी तापमानाचा काटा पाहता पाहता वर चढतो. गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

टायमिंग बेल्टची गोष्ट याहून गंभीर आहे. सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे वॉल्व्ह, उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; त्याला हा बेल्ट क्रँकशाफ्टवरून फिरवतो. वाहनांत तो तुलनेने नवा. १९६२ च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या ग्लास कंपनीने तो मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत आणला. त्याआधी हे काम साखळ्या आणि गिअर करत. या बेल्टला दाते असतात, कारण त्याला मुळीच घसरून चालत नाही. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी व्हावी लागते, तरच वॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात आणि मिटतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो.

इनोव्हाच्या एका सिलिंडरचा व्यास ९२ मिलिमीटर आणि आकारमान सुमारे ६२४ घन सेंटिमीटर आहे. पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये खाली-वर होणारा दट्ट्या, वर आल्यावर त्यातील हवा सुमारे अठरा पट दाबली जाते. म्हणजे उरलेली जागा ३५ ते ४० घन सेंटिमीटर. ती सगळी सपाट पसरली, तरी थराची उंची साडेपाच-सहा मिलिमीटरच भरेल, आणि तिचाही मोठा भाग पिस्टनच्या डोक्यावरच्या खोलगट वाटीत सामावलेला असतो. उघड्या वॉल्व्हला तिथे जागाच नाही. बेल्ट तुटला, की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, गतीत असलेला पिस्टन त्यांच्यावर आदळतो आणि वॉल्व्ह वाकतात. मग हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. धावती गाडी एकाएकी बंद पडली आणि बेल्टचा संशय असेल, तर पुन्हा पुन्हा सेल मारून पाहू नये. त्याने नुकसान वाढते.

गाडीनुसार हा बेल्ट साधारण ६०,००० ते १,५०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत पाहावा. उष्णतेने रबर म्हातारे होते, म्हणून कमी चाललेल्या गाडीतही वर्षांचा हिशेब सुटत नाही. इनोव्हाच्या डॅशबोर्डवर टी-बेल्ट असा दिवा आहे, पण तो बेल्टची अवस्था तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. बेल्ट न बदलताही तो रिसेट करता येतो. जुनी इनोव्हा घेताना म्हणूनच बेल्ट बदलल्याचे बिल मागावे. ते नसेल, तर बेल्ट बदलायचाच, असे समजून किमतीची बोलणी करावीत. २०१६ नंतरच्या इनोव्हा क्रिस्टा या पुढच्या मॉडेलच्या डिझेल इंजिनात टायमिंग साखळी आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही, फॅन बेल्टचा मात्र येतो. अमेरिकेतल्या अनेक मराठी कुटुंबांकडे होंडा ओडिसी असते. तिच्या व्ही-सिक्स (सहा सिलिंडरच्या) इंजिनात वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच चालतो, तेव्हा तिथे दोन्ही एकदमच बदलणे शहाणपणाचे.

काम करून घेताना टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारी पुली) आणि आयडलरही नवे घालावेत, कारण जुने बेअरिंग अडकले, तर नवा बेल्टही तुटतो. बेल्टच्या पोटात काचतंतूंचे दोर असतात; ते ताणले जात नाहीत, पण तीव्र घडीने मोडतात. नवा बेल्ट कोणी दुमडून किंवा उलटा करून दाखवत असेल, तर तो बसवून घेऊ नये. बसवल्यावर पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा जुळवून मेकॅनिकने क्रँकशाफ्ट पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. कुठे अडकल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबावे. खुणा पुन्हा जुळल्या, तरच सेल मारावा.